कुंडीतला बांबू

घरात बसल्या बसल्या एकदा चारी बाजूंनी नजर फिरवा. सूप दिसेल. टोपली, दुरडी, कोंबड्या झाकायचे डालगे दिसेल. कोपऱ्यात गुढीची काठी असेल. कोणी वारीला जात असेल तर पताका असेल, तिची काठी असेल. ह्या सगळ्या वस्तू बांबूच्या. लग्नाचा मांडव बांबूचा, झालीची टोपली बांबूची, आणि शेवटची तिरडी, तीही बांबूचीच. जुन्या भाषेत 'वंश' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक अर्थ कूळ, दुसरा अर्थ बांबू. एकाच्या शेजारी दुसरा उगवतो आणि बेट वाढत जाते, म्हणून हे नाव शोभते खरे.

कोणी याला वेळू म्हणतात, कोणी कळक म्हणतात. नाव कोणतेही घ्या, आपल्या माढ्याकडे तो उभा दिसतो किती? शिवारात ज्वारी दिसते, ऊस दिसतो, डाळिंब दिसते, केळी दिसते. बांबूचे बेट मात्र शोधावे लागते. बुरूडकाम करणाऱ्या माणसाला लांबून आलेला बांबू वखारीतून विकत घ्यावा लागतो. टोपली महाग झाली की आपण त्याच्याशी घासाघीस करतो. पण त्याच्या हातात बांबू किती पैसे घालून आला, हे कोणी विचारत नाही.

इकडे बांबू कमी, याचे कारण पाऊस. सोलापूर जिल्ह्यात वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर, म्हणजे बावीस इंचांच्या आसपास पाऊस पडतो. बांबूला यापेक्षा जास्त ओल आवडते. उजनीचे धरण आपल्याच तालुक्यात आहे. ते १९८० साली पुरे झाले. ज्यांना पाणी मिळाले त्यांनी ऊस लावला. ज्यांना नाही मिळाले ते आभाळाकडे बघत राहिले. आणि ज्यांना जमीनच नाही, त्यांनी काय लावावे?

जमीन नसली तरी दार असते. दारात एक पिंप ठेवता येते. त्या पिंपात बांबू लावता येतो. तो कसा लावायचा आणि कसा सांभाळायचा, ते या पाठात सांगितले आहे.

पण एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. पिंपातल्या बांबूची शिडी होत नाही. त्याचा मांडव होत नाही. "दारात दोन बांबू लावा आणि पैसे मोजत बसा," असे कोणी सांगत आला तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. पिंपातला बांबू अंगठ्याएवढा जाड होतो, फार तर थोडा जास्त. त्याच्या काठ्या दोडक्याच्या आणि घेवड्याच्या वेलाला चालतात, टोमॅटोला आधार द्यायला चालतात, पताकेला चालतात. पोरांच्या पतंगाला कामट्या निघतात. दाराला थोडा आडोसा होतो. पण त्याचा खरा उपयोग वेगळाच आहे. एका पिंपातून दोन-तीन वर्षांनी रोपे निघतात. ती रोपे आपल्या किंवा भावाच्या बांधावर लावता येतात, विकताही येतात. कुंडी हे बांबूचे माहेर. तिथे तो लहानाचा मोठा होतो. नांदायचे त्याला बाहेर, जमिनीत.

आता बांबू म्हणजे काय ते बघू. बांबू हे झाड की गवत?

ऐकून नवल वाटेल, पण बांबू हे गवत आहे. ज्वारी, ऊस, हराळी यांच्याच घराण्यातला. उसाचे कांडे हातात घ्या. पेर आहे, पेरावर गाठ आहे, गाठीवर डोळा आहे. बांबूलाही तसेच आहे. फरक इतकाच की ऊस आतून रसाने भरलेला, आणि बांबू बहुधा आतून पोकळ. हराळी उपटताना काय होते ते तुम्हाला ठाऊक आहे. वरून पाने खुडली तरी ती मरत नाही. तिचा जीव मातीत असतो. बांबूचेही तसेच. त्याचा जीव जमिनीखालच्या कंदात असतो. वर दिसतात त्या नुसत्या काठ्या. हे एक ध्यानात ठेवले की पुढचे सगळे आपोआप समजते.

पावसाळा लागला की कंदातून कोंब निघतो. हा कोंब जेवढा जाड जमिनीतून वर आला, तेवढीच जाड काठी होते. बाभळीचे किंवा लिंबाचे खोड दरसाल जाड होत जाते, तसे बांबूचे होत नाही. उंचीही तो दोन-चार महिन्यांत पुरी करून टाकतो. मोठ्या जातीचा कोंब चांगल्या पावसात दिवसाला वीतभर, कधी हातभरही वाढतो. त्यानंतर ती काठी आयुष्यभर उंचही होत नाही आणि जाडही होत नाही. मग पुढची दोन-तीन वर्षे ती करते काय? ती पक्की होते. आतून कठीण होत जाते. पहिल्या वर्षाची काठी दिसायला हिरवीगार, पण कच्ची. तिसऱ्या वर्षाची काठी दिसायला मळकी, पण कामाची.

जाडी कशावर ठरते? कंदात अन्न किती साठले आहे त्यावर. लावल्यावर पहिल्या वर्षी गवताच्या काडीसारख्या, पेन्सिलीसारख्या काड्या येतात. काही माणसे तेवढ्यानेच निराश होतात आणि उपटून टाकतात. असे करू नये. त्या काड्यांची पाने अन्न तयार करतात, ते कंदात उतरते. दुसऱ्या वर्षीचे कोंब जाड येतात, तिसऱ्या वर्षीचे आणखी जाड. जमिनीत असे वर्षानुवर्षे चालते. पिंपात मात्र जागा संपली की हे थांबते. म्हणून पिंपातला बांबू बारीक राहतो. तो दोष त्याचा नाही, जागेचा आहे.

आता जात कोणती घ्यावी ते सांगतो. महाराष्ट्राच्या कोरड्या डोंगरात जो सगळीकडे आढळतो तो मानवेल. त्याची काठी बरीचशी भरीव असते. पोलिसाची लाठी आठवा. उन्हाचा ताण सोसण्यात तो चांगला, म्हणून आपल्याकडे बांधावर लावायला तोच बरा. कोकणात माणगा म्हणून एक जात आहे. तोही भरीव आणि बिनकाट्यांचा, पण त्याला कोकणातला पाऊस माहीत आहे. काटस म्हणजे काटेरी बांबू. तो कुंपणाला ठीक, पण लहान पोरे खेळतात त्या अंगणात लावू नये. पिवळ्या काठीवर हिरव्या रेघा असलेला एक शोभेचा बांबू असतो. तो बागांतून दिसतो आणि त्याच्या कांड्या सहज फुटतात. हात बसवायला तो चांगला.

आणखी एक गमतीची जात आहे. तिची पेरे फुगतात, जणू काठीला पोटे सुटली आहेत. बुद्धाच्या मूर्तीच्या पोटावरून इंग्रजीत तिला नाव दिले आहे. गंमत अशी की हीच जात चांगल्या जमिनीत, भरपूर पाण्यावर लावली तर सरळ वाढते, पोट सुटत नाही. कुंडीत अडचण झाली, पाण्याचा ताण पडला, की पेरे आखडतात आणि फुगतात. माणसाचे पोट खाऊन सुटते, याचे उपाशी राहून सुटते!

शहरातल्या दुकानात काचेच्या भांड्यात, पाण्यात ठेवलेल्या हिरव्या कांड्या मिळतात. त्यांना 'लकी बांबू' म्हणतात. पोरे हौसेने आणतात. तो बांबू नव्हे. ते वेगळेच झाड आहे, त्याची काठी कधी होणार नाही. घरात शोभेला ठेवायचे तर ठेवा, पण बांबू म्हणून पैसे मोजू नका.

चीन आणि जपानकडे एका प्रकारचे बांबू आहेत, त्यांचे कंद जमिनीखाली हराळीसारखे लांब धावतात आणि कुंपणापलीकडे जाऊन डोके वर काढतात. आपल्याकडचे मानवेल, काटस, माणगा तसे धावत नाहीत. त्यांचे कंद एकमेकांना चिकटून वाढतात, म्हणून त्यांचे बेट होते. पण कुंडीत हाच चिकटून वाढण्याचा स्वभाव कुंडी फोडतो. मातीची कुंडी तर दोन-तीन वर्षांत तडकते.

म्हणून भांडे विचार करून निवडावे. दोनशे लिटरचे पिंप आडवे कापले की दोन टोपे होतात. ती उत्तम. बांबूची मुळे ज्वारीसारखी तंतूंची असतात. ती खोल कमी जातात, बाजूला जास्त पसरतात. म्हणून उंच आणि अरुंद भांड्यापेक्षा रुंद भांडे बरे. रांजण किंवा माठ घेऊ नये. त्याचे तोंड लहान, पोट मोठे. आत कंदाचा गड्डा भरला की तो बाहेर काढता येत नाही, आणि मग रांजण फोडावा लागतो. औषध फवारणीच्या दवाईचे पिंप तर मुळीच घेऊ नये, कितीही धुतले तरी. लोखंडी पिंप असेल तर कापलेली धार हातोडीने दुमडून घ्या, नाही तर पोरांचे हात कापतात.

बुडाला बोट जाईल एवढी सहा-सात भोके पाडा. पिंप जमिनीवर टेकवू नका, तीन दगडांवर ठेवा. पाणी खालून निघून गेले पाहिजे. बांबूला ओल हवी, पण मुळाशी पाणी साचले तर कंद कुजतो.

मातीचे नीट ऐका, कारण इथेच बहुतेकांची चूक होते. आपली काळी माती शेतात सोने आहे. पिंपात तीच नुसती भरली तर वैरी होते. ओली असली की चिखल, वाळली की दगड. वाळताना ती आकसते आणि पिंपाच्या कडेपासून सुटते. मग वरून पाणी घातले की ते त्या फटीतून सरळ खाली जाते. मालकाला वाटते, पाणी पोचले. आत गड्डा कोरडाच असतो. म्हणून एक घमेले काळी माती, एक घमेले वाळू किंवा बारीक मुरूम, आणि एक घमेले कुजलेले शेणखत, असे सारखे मिसळावे. ताजे शेण घालू नये, त्याच्या उष्णतेने मुळे करपतात. पिंप काठोकाठ भरू नये. वर चार बोटे जागा सोडावी, म्हणजे पाणी घालायला आणि पाचट पसरायला जागा राहते.

रोप कोठून आणावे? रोपवाटिकेतून तयार पिशवी आणली तर सोपे. नाही तर ओळखीच्या बेटातून कंद आणावा. एक वर्षाची काठी बघून तिच्या बुडाचा कंद मुळांसकट काढायचा. वरची काठी कमरेएवढी ठेवून तिरकी कापायची. कापलेल्या तोंडाला शेण लावायचे, म्हणजे आतली ओल उडत नाही. हे काम पावसाच्या तोंडावर करावे.

तिसरी रीत कांडीची. उसाचे बेणे लावता, तसेच. एक-दोन वर्षांची काठी घ्यावी. दोन गाठी असलेला तुकडा करावा. दोन गाठींच्या मधल्या पेराला वरच्या बाजूने एक भोक पाडावे. त्यात पाणी भरावे आणि भोक चिकट मातीने बुजवून वर कापड बांधावे. मग तुकडा मातीत आडवा ठेवून दोन-तीन बोटे मातीने झाकावा. उन्हाळ्यात, चैत्राच्या सुमाराला हे करावे आणि माती सारखी ओली ठेवावी. पिवळा बांबू असा चांगला फुटतो. मानवेल मात्र कांडीने नीट फुटत नाही. त्याला कंद किंवा बी हवे.

आता पाणी. माढ्यात राहून पाण्याचा विषय सोडता येत नाही.

एखादी आजी म्हणेल, "प्यायला पाणी न्हाई आन् ह्यो सांगतोय बांबू लावा." आजीचे खरे आहे. भर उन्हाळ्यात अशा पिंपाला दिवसाआड, कधी रोज, अर्धी-एक बादली पाणी लागते. टँकरच्या पाण्यावर बांबू जगवू नये. तो शहाणपणा नाही. पण धुणे सोडून घरातले बाकीचे पाणी कुठे जाते? भाजी धुतलेले, तांदूळ धुतलेले, हातपाय धुतलेले पाणी दारात सांडते आणि डबके होते. तेच पिंपात घालावे. साबण फार असलेले पाणी मात्र घालू नये. घरातून एवढे पाणी निघत असेल तर एक पिंप ठेवा. निघत नसेल तर ठेवू नका. दोन पिंपांचा हव्यास तर नकोच.

पाणी कधी घालावे? घड्याळ बघून नव्हे. मातीत बोट खुपसून बघा. दोन पेरे आत कोरडे लागले तर घाला. पानेही सांगतात. दुपारी ज्वारीचे पान तहानेने गुंडाळते ना, तसेच बांबूचे पान लांबीत मिटते. संध्याकाळी उघडले तर काळजी नाही. सकाळीही मिटलेले असेल तर आज पाणी चुकवू नका.

बोअरचे पाणी मचूळ असेल तर वेगळी अडचण येते. मातीवर पांढरा थर जमतो आणि पानांची टोके जळाल्यासारखी होतात. वरचा पांढरा थर खरवडून टाकावा. पावसाळ्यात पिंप पागोळीखाली ठेवावे. पावसाच्या पाण्याने आतले खार धुऊन खालच्या भोकांतून निघून जातात.

पिंप ऊन खाते आणि आतली मुळे भाजतात, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. लोखंडी पिंपाला तर मे महिन्यात हात लावता येत नाही. त्याला बाहेरून ओले गोणपाट गुंडाळावे. दुपारनंतर भिंतीची सावली पडेल अशी जागा बघावी. मातीवर उसाचे पाचट पसरावे. बांबूची गळलेली पाने झाडून टाकू नयेत, ती तिथेच राहू द्यावीत. सुनेला अंगण स्वच्छ हवे असते, ते ठीक, पण पिंपाच्या आत झाडू नको म्हणावे. ती पाने कुजून पुन्हा बांबूच्याच पोटात जातात.

खताला फार लागत नाही. गवताची जात आहे, शेणकाल्यावर खूष असते. पावसाळ्यात महिन्यातून एकदा पातळ शेणकाला घालावा. चुलीची मूठभर राख वर्षातून एक-दोनदा घालावी. पानांवर मावा आला तर पाण्याचा जोराचा फवारा मारून धुऊन टाकावा. खरा शत्रू मावा नाही. खरा शत्रू शेळी. बांबूचा कोवळा पाला शेळीला पेढ्यासारखा लागतो. पहिली दोन वर्षे बाभळीच्या फांद्यांचे कुंपण हवेच. शेळी बांधून ठेवू, असे आपण म्हणतो, पण शेळीने ते ऐकलेले नसते.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. काठी कोणती कापायची?

पहिला नियम असा की नवी ठेवायची आणि जुनी कापायची. माणूस उलट करतो. नवी काठी कडेला असते, हाताला लागते, कोयता तिथे सहज पोचतो. जुनी मध्ये अडकलेली असते. म्हणून कडेच्या नव्या कापल्या जातात. पण नव्या काठ्यांच्या बुडाच्या कंदातूनच पुढच्या पावसाळ्यात कोंब निघायचे असतात. त्या कापल्या की बेट मधल्या मध्ये गुदमरते. बांधावरची चांगली बेटे अशीच वाया जातात.

दुसरा नियम असा की एकदम सगळ्या काठ्या कापायच्या नाहीत. काठीवर पाने आहेत, पाने अन्न करतात, अन्न कंदात जाते. सगळ्या कापल्या तर कंद उपाशी. तीन वर्षे पुरी झालेल्या काठ्या कापाव्यात आणि एक-दोन वर्षांच्या सगळ्या राखाव्यात.

मग वय ओळखायचे कसे? पहिल्या वर्षाच्या काठीला गाठीजवळ वाळके टरफल चिकटलेले असते. अंगावर पांढरी पूड असते, ती बोटाला लागते. दुसऱ्या वर्षी टरफल गळते, हिरवा रंग मंद होतो. तिसऱ्या वर्षी काठी पिवळसर, मळकी होते, अंगावर डाग येतात. कोयत्याच्या पाठीने टिचकी मारली तर आवाज खणखणीत येतो.

याहून सोपी युक्ती आहे, आणि ती तुम्हाला आता जमेल. कारण आता तुम्हाला आकडे लिहिता येतात. दिवाळीच्या सुमाराला त्या वर्षाच्या प्रत्येक नव्या काठीवर, छातीएवढ्या उंचीवर, तेलाच्या रंगाने त्या सालाचे शेवटचे दोन आकडे लिहा. २०२५ सालची असेल तर २५. पुढच्या वर्षीच्या काठ्यांवर २६. चौथ्या वर्षी दारात उभे राहून नुसते वाचायचे, आणि २५ ची काठी कापायची. कोणाला विचारायला नको. घरात दुसरे कोणी कापायला गेले तरी चुकायचे नाही, आकडा वाचता आला म्हणजे झाले.

कापायची वेळ पावसाळा संपल्यावर. दिवाळीपासून माघापर्यंत कापावे. पावसाळ्यात कोंब वर येत असतात, तेव्हा कोयता लावू नये. उन्हाळ्याच्या शेवटीही नको. कोंबांसाठी जमवलेले गोड पीठ तेव्हा काठीत भरलेले असते. अशा काठीला बारीक भुंगा लागतो, आणि घरात नेल्यावर खालून पिवळा भुसा पडू लागतो. थंडीत हे पीठ कमी असते. कापलेली काठी दोन-तीन आठवडे पाण्यात बुडवून ठेवून मग सावलीत वाळवली तर आणखी टिकते, कारण उरलेले पीठही पाण्यात निघून जाते. पाण्याला घाण वास येतो, त्याला घाबरू नये.

जमिनीजवळची पहिली गाठ सोडून तिच्या लगेच वर कापावे. पेराच्या मध्यावर कापले तर खाली पेला तयार होतो. त्यात पावसाचे पाणी साचते, डास होतात आणि कंद सडतो.

काठी वाऱ्याने फार डोलत असेल, पिंप कलंडत असेल, तर वाढ पुरी झाल्यावर शेंडा छाटावा. शेंडा छाटलेली काठी परत उंच होत नाही. बाजूच्या फांद्या मात्र दाट होतात. आडोसा हवा असेल त्याने असेच करावे.

दोन-तीन वर्षांनी पिंप गच्च भरते. पाणी घातले तर ते वरच तरंगते, खाली मुरत नाही. कोंब बारीक येऊ लागतात. ही खूण दिसली की त्या वर्षी पावसाच्या तोंडावर पिंप आडवे पाडावे आणि गड्डा बाहेर ओढावा. दोन माणसे लागतात. करवतीने किंवा कुऱ्हाडीने गड्ड्याचे तीन-चार भाग करावेत. प्रत्येक भागात दोन-तीन काठ्या आणि धडधाकट कंद आला पाहिजे. एक भाग नव्या मातीसकट परत पिंपात. बाकीचे भाग म्हणजे तुमची रोपे.

ही रोपे बांधावर लावताना दोन हात लांब-रुंद आणि तेवढाच खोल खड्डा घ्यावा. दोन बेटांत पंधरा फूट अंतर ठेवावे. पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी द्यावे लागते, त्याला इलाज नाही. आणि बांधाच्या मधोमध लावू नये, आपल्या बाजूला आत सरकून लावावे. बेट मोठे झाले की त्याची मुळे आणि सावली शेजाऱ्याच्या पिकात जाते. त्याची ज्वारी तेवढ्या पट्ट्यात खुजी राहते. बांधावरून कोर्टात गेलेली घरे आपण पाहिली आहेत. लावण्याआधी शेजाऱ्याला बोलवावे, जागा दाखवावी, जमल्यास एक रोप त्यालाही द्यावे. बेट मोठे झाल्यावर पिकाच्या बाजूने हातभर खोल चर काढला की मुळे तिकडे जात नाहीत.

"आपला बांबू तोडला तर जंगलखात्याचा माणूस येईल," अशी भीती जुन्या माणसांना अजून वाटते. ती उगाच नव्हती. १९२७ सालच्या वन कायद्यात बांबूची गणना झाडात केली होती. त्यामुळे स्वतः लावलेला बांबू तोडून न्यायलाही परवान्याची कटकट होती. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड लोकांच्या गावाला तर आपल्या जंगलातल्या बांबूसाठी लांब झगडावे लागले. २००९ साली त्यांना जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला. बांबू बाहेर नेण्याचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती यायला २०११ साल उजाडले. पुढे २०१७ साली कायदा बदलला आणि जंगलाबाहेर लावलेला बांबू झाडांच्या यादीतून वगळला. आता आपल्या दारातला, आपल्या बांधावरचा बांबू तोडायला आणि न्यायला त्या कायद्याखाली परवाना लागत नाही. बांबू गवत आहे, हे ज्वारी पेरणाऱ्याला पेर बघून कळते. सरकारी कागदाला कळायला नव्वद वर्षे लागली.

कोवळ्या कोंबांची भाजी करतात. विदर्भात तिला वास्ते म्हणतात. पण पिंपातले कोंब खाऊ नयेत, मोजकेच असतात. आणि कोठलाही कोंब कच्चा खाऊ नये. त्यात विषारी अंश असतो. कोंब चिरून, उकळून, ते पाणी फेकून द्यावे लागते. मानवेलच्या कोंबावर बारीक कुसळे असतात, अंगाला लागली की खाज सुटते. पोरांना हात लावू देऊ नये.

शेवटी बांबूच्या फुलांविषयी. बांबू फुलला की मरतो, असे म्हणतात. आपल्या मानवेल, काटस यांसारख्या जातींचे ते खरे आहे. ही गवते वर्षानुवर्षे फुलत नाहीत. जातीप्रमाणे वीस, चाळीस, पन्नास वर्षांनी एकदा फुलतात, बी धरतात आणि वाळून जातात. पुष्कळदा एका मुलखातली सगळी बेटे एकदमच फुलतात. ईशान्येला मिझोराम राज्यात एक जात साधारण अठ्ठेचाळीस वर्षांनी अशी फुलते. १९५९ च्या सुमाराला ती फुलली. बी खाऊन उंदीर माजले. बी संपल्यावर ते शेतात आणि कणगीत शिरले, आणि मोठा दुष्काळ पडला. पुन्हा २००७ च्या सुमाराला ती फुलली.

आपल्या एका पिंपाने दुष्काळ पडणार नाही. पण यातून एक गोष्ट घ्यायची आहे. बेटाचा तुकडा काढून लावला तरी त्याचे वय नवे होत नाही, मूळ बेटाचेच राहते. चाळीस वर्षांच्या बेटाचा कंद तुमच्या पिंपात आला तरी तो आतून चाळीस वर्षांचाच. मूळ बेट फुलले की तोही बहुधा त्याच सुमाराला फुलेल आणि जाईल. म्हणून ज्या बेटाला फुले आली आहेत, त्याचा कंद फुकट मिळाला तरी आणू नका. त्याच्याखाली फडके अंथरून बी गोळा करा. ते गव्हासारखे दिसते. भूक असेल तेव्हा लोक ते शिजवूनही खातात. थोडे बाजूला ठेवा आणि त्याच पावसाळ्यात छोट्या डब्यांत पेरा, कारण हे बी फार दिवस टिकत नाही. वर अर्धा बोट माती, थोडी सावली, आणि रोज झारीने पाणी. पहिली पाती दिसतील ती हुबेहूब ज्वारीच्या पातीसारखी. निंदताना गवत समजून उपटू नका.